विश्लेषण : मार्क्स वाचायचा, पण सुरुवात कुठून?

समाजमाध्यमांवरच्या वादात ‘मार्क्सवादी’ हा शब्द कधी बिरुद म्हणून, तर कधी शिवी म्हणून वापरला जातो. मार्क्सने नेमके काय लिहिले, हे वाचलेले मात्र थोडेच. कुतूहलाने ‘भांडवल’ (दास कॅपिटल) हाती घेणारे अनेक जण पहिल्याच प्रकरणात थांबतात. कोणत्या क्रमाने वाचल्यास हा अभ्यास पुढे सरकतो?

‘भांडवल’ पहिल्या पानापासून वाचावे का?

या ग्रंथाचा पहिला खंड सप्टेंबर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातीची प्रकरणे वस्तू, मूल्य आणि पैसा यांची अमूर्त चर्चा करतात. ती अवघड आहेत, हे मार्क्सलाही ठाऊक होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्याने हॅनोव्हरचे डॉक्टर मित्र लुडविग कुगेलमान यांना पत्र लिहिले. कामाचा दिवस, सहकार्य-श्रमविभागणी-यंत्रे आणि आदिम संचय ही प्रकरणे वाचायला सर्वात सोपी आहेत, असे पत्नीला सांगा, असे त्यात होते. नवख्या वाचकाला हाच सल्ला आजही उपयोगी पडतो.

त्या प्रकरणांत काय आहे?

‘कामाचा दिवस’ या प्रकरणात मार्क्स ब्रिटिश सरकारच्याच कारखाना निरीक्षकांचे अहवाल आणि वृत्तपत्रांतील बातम्या मांडतो. लंडनमधील २० वर्षांची शिवणकामगार मेरी अ‍ॅन वॉकली सलग साडेसव्वीस तास काम केल्यानंतर आजारी पडून १८६३ मध्ये दगावली, ही नोंद त्यातलीच. दिवसाचे किती तास मालकाचे आणि किती कामगाराचे, हा त्या प्रकरणाचा प्रश्न. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यामागेही हाच झगडा होता.

त्याआधी काही छोटे वाचायला आहे का?

दोन पुस्तिका आहेत. ‘वेज लेबर अँड कॅपिटल’ ही १८४७ मध्ये ब्रुसेल्समध्ये कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानांवर आधारित. तिची एंगल्सने १८९१ मध्ये सुधारलेली आवृत्ती घ्यावी. दुसरी ‘व्हॅल्यू, प्राइस अँड प्रॉफिट’. मजुरी वाढली की महागाई वाढते, मग वाढ मागून फायदा काय, या युक्तिवादाला १८६५ मध्ये दिलेले हे उत्तर. १८४८ चा ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ त्यानंतर वाचावा. त्यातील काही कार्यक्रम कालबाह्य झाल्याचे लेखकांनीच १८७२ च्या प्रस्तावनेत मान्य केले आहे. मूळ लेखनाचे इंग्रजी अनुवाद ‘मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

कोणती संकल्पना आधी पक्की करावी?

वरकड मूल्य. समजा, कच्चा माल आणि यंत्रांची झीज वजा जाता एक कामगार आठ तासांत १६०० रुपयांची भर घालतो आणि त्याची मजुरी ८०० रुपये आहे. म्हणजे चार तासांत मजुरी भरून निघाली. उरलेल्या चार तासांतील ८०० रुपये हे वरकड मूल्य. मालक ‘श्रम’ नव्हे, तर ‘श्रमशक्ती’ म्हणजे काम करण्याची क्षमता विकत घेतो, असे मार्क्स म्हणतो. हा फरक कळला की पुढचा बराचसा युक्तिवाद उलगडतो.

टीकाकारांना कधी वाचावे?

सोबतच. मूल्य आणि बाजारभाव यांचा मेळ बसत नाही, असा आक्षेप ऑस्ट्रियाचे अर्थशास्त्रज्ञ ब्यॉम-बावर्क यांनी १८९६ मध्ये घेतला. महाराष्ट्रातील वाचकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर टाळता येणार नाहीत. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. तरीही १९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या संपात ते कम्युनिस्टांसोबत उतरले. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या लेखनात त्यांनी शोषणाचे निदान स्वीकारले, पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला. कॉ. शरद पाटील यांनी पुढे मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना जोडण्याचा प्रयत्न केला.

एकट्याने की गटाने?

तीन-चार जणांचा गट बरा. आठवड्याला एक प्रकरण वाचावे आणि लेखकाचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहावा. तो लिहिता आला नाही, तर पुढे न जाता तेच प्रकरण पुन्हा वाचावे.