विश्लेषण : हेपॅटायटिस सी बरा झाला, आता जुन्या टूथब्रशचे काय?

बारा आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स संपतो. ‘विषाणू आढळला नाही’ असा रिपोर्ट येतो. तरी बेसिनवरच्या ग्लासातला ब्रश पाहून अनेकांच्या मनात शंका येते : याच ब्रशमुळे आजार पुन्हा होईल का? घरातल्या कोणी तो चुकून वापरला असेल तर?

ब्रशवर विषाणू असतो का?

हेपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार आहे. ब्रश करताना हिरड्यांतून येणारे रक्त अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही. जर्मनीतील संशोधकांनी रुग्णांचे ब्रश धुतलेले पाणी तपासले, तेव्हा काही नमुन्यांत विषाणूचा आरएनए सापडला. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र आरएनए सापडला म्हणजे संसर्ग करू शकणारा विषाणू सापडला, असे नाही. तरीही सुकलेल्या रक्तात हा विषाणू काही आठवडे तग धरू शकतो. म्हणून काळजी घेणे योग्यच.

धोका नेमका कोणाला?

ज्याचा ब्रश आहे त्याच्यापेक्षा तो चुकून वापरणाऱ्याला. घरातल्या घरात असा संसर्ग होण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते. त्यामुळे ब्रश, रेझर, ब्लेड आणि नेलकटर प्रत्येकाचे वेगळे हवे. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्यातून हा आजार पसरत नाही. थोडक्यात, रुग्णाचा ब्रश वेगळा ठेवा, ताट नव्हे.

स्वतःच्याच ब्रशमुळे पुन्हा संसर्ग होईल?

ही भीती प्रत्यक्ष धोक्यापेक्षा बरीच मोठी आहे. सध्याची औषधे सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांच्या रक्तातील विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने घटतो. त्यामुळे कोर्सच्या शेवटी हिरड्यांतून रक्त आले, तरी त्यात सहसा विषाणू उरलेला नसतो. दंतवैद्य तसाही दर तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदलायला सांगतात. बारा आठवड्यांचा कोर्स संपेपर्यंत ती वेळ आलेलीच असते. कोर्स संपताना नवा ब्रश घेतला की शंकाही मिटते.

मग पुन्हा संसर्ग कशामुळे होतो?

एकदा बरे झाल्याने या आजाराविरुद्ध कायमचे संरक्षण मिळत नाही आणि त्यावर लसही नाही. वापरलेली सुई किंवा सिरिंज, निर्जंतुक न केलेली टॅटूची सुई, डायलिसिसमधील हलगर्जी ही पुन्हा संसर्ग होण्याची खरी कारणे आहेत. सलूनमध्ये दाढीसाठी नवे ब्लेड मागणेही गरजेचे आहे.

रिपोर्ट पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ आला तर?

इथेच अनेक जण घाबरतात. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा रक्तदानाच्या वेळी होणारी चाचणी बहुधा अँटीबॉडीची असते. आजार बरा झाला तरी ही चाचणी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह येऊ शकते. विषाणू आता शरीरात आहे की नाही, हे आरएनए म्हणजेच व्हायरल लोड चाचणीतून कळते. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी ही चाचणी निगेटिव्ह आली, तर आजार बरा झाला असे मानतात. हे जुने रिपोर्ट जपून ठेवा.

हे लक्षात ठेवा

• सगळ्यांचे ब्रश एकाच ग्लासात एकमेकांना चिकटून ठेवू नका. रंग वेगवेगळे घ्या, म्हणजे लहान मुलांचा गोंधळ होणार नाही.

• ब्रश वाहत्या पाण्याखाली धुवा आणि उभा ठेवून सुकू द्या. तो उकळण्याची किंवा जंतुनाशकात बुडवण्याची गरज नाही.

• हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर दंतवैद्यांना दाखवा.

• रुग्णाचा ब्रश कोणी चुकून वापरला, तर डॉक्टरांना सांगा. लगेच केलेल्या अँटीबॉडी चाचणीवर विसंबू नका. अँटीबॉडी दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. आरएनए चाचणीत संसर्ग त्याआधी कळतो.

केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. त्यामुळे शंका असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासणी करून घेणे केव्हाही चांगले.