फुलं भरपूर, फळ नाही

एप्रिल-मेमध्ये टोमॅटोचं झाड फुलांनी भरतं, पण फळ धरत नाही. मग खत कमी पडलं असं समजून युरिया दिला जातो आणि नुसता पाला माजतो. दोष बहुधा हवेचा असतो. दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रही उकाड्याची राहिली, की परागकण निकामी होतात, फूल गळतं.

हवा बदलता येत नाही, मुळं मात्र गार ठेवता येतात. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात त्यासाठी ठिबक आणि मल्चिंग पेपर दिसतो. गच्चीवरच्या कुंडीत दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पुरतं. पाणी सकाळी, मुळाशी आणि नियमित द्यावं. आज कोरडं, उद्या चिखल असं झालं, की मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडून सडतं.

दुपारी शेडनेट हवीच. पानं मात्र उगाच ओरबाडू नयेत. उघड्या पडलेल्या फळावर उन्हाचे पांढरट चट्टे उमटतात.

कडक उन्हात लाल रंग देणारं लायकोपीनही नीट तयार होत नाही. त्यामुळे रंग धरू लागलेलं फळ तोडून घरात, सावलीत पिकवावं.