विजयदुर्ग : आधी बंदर, मग किल्ला

वाघोटन खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिण बाजूने कातळाचं एक टोक पाण्यात शिरलं आहे. त्यावर सुमारे 17 एकरांत विजयदुर्ग उभा आहे. तीन बाजूंना पाणी आहे. चौथ्या बाजूला एके काळी खंदक होता, तो आता बुजला आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत विजयदुर्गही आहे. त्याची तीन पदरी तटबंदी आणि बुरुज यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या तटांच्या कुशीतलं बंदर मात्र उपेक्षित राहिलं. खरं तर किल्ला बांधला गेला तो या बंदरासाठी, आणि ते नीट कळायचं असेल तर इथे एकदा तरी समुद्रावरून यायला हवं.

कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि फार न रेंगाळता समुद्र गाठतात. येताना गाळ-वाळू आणतात. भरती-ओहोटी आणि लाटा मिळून ती वाळू खाडीच्या तोंडाशी आडवी रचतात. बाहेरून खाडी रुंद आणि निवांत दिसते; पण तोंडाशी पाणी इतकं उथळ असतं की ओहोटीच्या वेळी समोरून लाट आली तर ती नेमकी तिथेच फुटते. कितीतरी खाड्यांत त्यामुळे भरतीची वाट पाहूनच शिरावं लागतं, आणि पावसाळ्यात तर शिरण्याचा विचारही नको. विजयदुर्गाच्या तोंडाशी असा वाळूचा दांडा नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने याच कारणासाठी त्याची गणना पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांत केली आहे: कोणत्याही हवेत आत येता यावं आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यातही मोठ्या जहाजांना आसरा मिळावा, असं बंदर. दक्षिण आणि पश्चिमेकडून येणारा जोर किल्ल्याचं टोकच अडवतं. तळाला चिखल असल्याने नांगर चांगला धरतो.

आम्ही नवरा-बायको आमच्या छोट्या शिडाच्या बोटीने रत्नागिरीहून विजयदुर्गाला गेलो, ते याच बंदरासाठी. अंतर साधारण 27 सागरी मैल, म्हणजे वारा बरा असला तर पाच-सहा तासांचं. हिवाळ्यात या किनाऱ्यावरचा दिवस दोन वाऱ्यांत वाटलेला असतो. रात्री जमीन गार होते आणि पहाटे तिच्याकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा भरू लागतो. मधले दोन-तीन तास वारा जवळजवळ पडतो. जुने तांडेल याच हिशेबाने निघत, आणि आजही याहून चांगला हिशेब नाही. अंधारात नांगर उचलायचा, मतलईवर किनाऱ्यापासून लांब निघायचं, मधल्या शांततेत धीर धरायचा आणि दुपारच्या वाऱ्यावर दक्षिणेला धावायचं. मुंबईहून गोव्याकडे जाताना हा दुपारचा वारा पाठीशी असतो. परतताना तोच तोंडावर येतो. मग वाऱ्याला तिरकं तोंड देत, आलटून पालटून बाजू बदलत मैल कमवावे लागतात.

भगवतीच्या किल्ल्यावरचं दीपगृह मागे पडलं, मग पावसची खाडी, मग पूर्णगड. अकराच्या सुमारास वारा थांबला. शीड सैल पडलं आणि बोट लाटेवर नुसती डुलू लागली. इंजिन लावता आलं असतं, पण नवऱ्याने नको म्हटलं आणि मलाही ते पटलं. आंबोळगडाचं टोक दिसू लागलं तेव्हा पाण्यावर वायव्येकडून काळसर सुरकुती सरकत आली आणि शीड भरलं. पुढे जैतापूरचं दीपगृह आणि त्याच्या दक्षिणेला माडबनचा उघडा सडा. इथे नजर दीपगृहापेक्षा पाण्यावर ठेवावी लागते, कारण जाळ्यांच्या खुणा म्हणजे बांबूला बांधलेलं एखादं फडकं किंवा थर्माकोलचा तुकडा. एका होडीवरून आवाज आला, ‘‘दादानू, फुडे जाळी आसत, भायरसून जावा!’’ सुकाणू माझ्या हातात होतं. मी बोट बाहेर वळवली. अंधारात ती जाळी दिसली नसती. या किनाऱ्यावर छोट्या बोटीने रात्री चालू नये, ते एवढ्यासाठीच.

विजयदुर्ग लांबून चटकन ओळखू येत नाही. तटाचा आणि कातळाचा रंग एकच, उंचीही फारशी नाही. जवळ गेल्यावर कातळातली एक ओळ सरळ होते, तिला बुरुजाची गोलाई येते, आणि मग सगळा किल्ला एकदम समोर उभा राहतो. तो उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडच्या टोकाला वळसा घालायचा. टोक ओलांडलं की काही मिनिटांत लाट उतरते. दिवसभर हलणारी बोट स्थिर होते, आणि इथे आरमार का ठेवलं असेल हे कुणी सांगावं लागत नाही.

शिलाहारांच्या काळापासून इथे किल्ला होता असं परंपरा सांगते. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि विजयदुर्ग हे नाव दिलं. इंग्रजांच्या कागदांत मात्र तो घेरिया या जुन्या नावानेच राहिला. कान्होजी आंग्र्यांनी इथे आरमाराचं ठाणं केलं. त्यांची गुराबं आणि गलबतं या आसऱ्यातून बाहेर पडत आणि इथेच परतत. 1720 मध्ये इंग्रजांचा आणि 1724 मध्ये डचांचा हल्ला इथे फसला.

मग 1756 आलं. तोवर कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात टोकाचं वैर झालं होतं, आणि पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. मोहिमेआधी कमोडोर विल्यम जेम्स याने येऊन बंदराची पाहणी केली. त्याने आणलेली बातमी साधी होती : पाणी खोल आहे, मोठी जहाजं तटाच्या अगदी जवळ नेता येतील. या बंदराचा सगळ्यात मोठा गुण शत्रूच्या कामी आला. फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसनचा ताफा आत शिरला. सोबत क्लाइव्ह आणि त्याची पायदळ फौज होती. एका तोफगोळ्याने तुळाजींच्या ताफ्यातल्या एका जहाजाला आग लागली. जहाजं एकमेकांना बांधून ठेवलेली होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि जवळजवळ सगळं आरमार नांगरलेल्या जागीच जळालं. 13 फेब्रुवारीला किल्ला पडला. कान्होजींनी उभी केलेली दर्यावरची सत्ता मराठ्यांच्या आपसातल्या भांडणात, परक्याच्या हातून संपली. बोटीतून त्या पाण्याकडे पाहताना याचं दुःख फार जवळून होतं.

आरमार तिथेच संपलं असं मात्र नाही. किल्ला त्याच वर्षी पेशव्यांकडे आला आणि पुढे आनंदराव धुळप यांनी इथून मराठा आरमार चालवलं. 8 एप्रिल 1783 रोजी त्यांनी इंग्रज कंपनीचं रेंजर हे जहाज लढून पकडलं आणि विजयदुर्गात आणलं. हा विजय शाळेच्या पुस्तकांत जेवढा यायला हवा तेवढा येत नाही.

मोटारीने येणारे बहुतेक जण आणखी एक गोष्ट चुकवतात : आंग्र्यांची गोदी. किल्ल्यापासून खाडीत थोडं आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, कातळ कोरून आणि बांधकाम करून ती केली आहे. सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ खरवडायचा, डागडुजी करायची. लाकडी जहाजाला हे वारंवार करावंच लागतं, नाहीतर तळाला शिंपले आणि किडे लागून ते मंदावतं आणि कुजतं. आसरा, खोल पाणी आणि दुरुस्तीची जागा एकत्र असली की आरमार उभं राहतं. इथे तिन्ही होतं. गोदीत आज गाळ साठला आहे. तटांच्या डागडुजीइतकीच तिचीही काळजी घ्यायला हवी.

मुंबई–गोवा आगबोटीच्या दिवसांत विजयदुर्ग हा एक थांबा होता, आणि चाकरमान्यांचं गावी येणं-जाणं समुद्रावरून व्हायचं. आता धक्क्यावर मासेमारीच्या होड्या असतात. आमच्यासारखी शिडाची बोट आली की मुलं गोळा होतात आणि इंजिन कुठे आहे ते विचारतात. कोचीला बोळगट्टीत अशा बोटींसाठी मरिना आहे. विजयदुर्गात आपला नांगर आणि गावकऱ्यांचा सल्ला एवढीच सोय. पाण्याचं पिंप भरायला धक्क्यावरच्या एका मावशींनी स्वतःच्या घरचा नळ उघडून दिला. इतक्या चांगल्या बंदरात छोट्या बोटींना बांधायला चार बोये आणि गोड्या पाण्याची एक तोटी असावी, हे मागणं फार मोठं नाही.

इथून देवगड अवघं 11 मैल दक्षिणेला आहे. सकाळच्या मतलईवर निघालं तर दुपारच्या आत पोहोचता येतं. जमिनीवरून येणाऱ्यांसाठी मुंबई–गोवा महामार्गावर तळेऱ्याहून फाटा आहे. किल्ला बघून झाला की धक्क्यावर चौकशी करून होडीतून तटाच्या बाहेरून एक फेरी मारावी, आणि गोदीला जायचं ते ओहोटीची वेळ गावात विचारून, म्हणजे तिची कोरीव बाजू उघडी पडलेली दिसते.