हाताचा पंप की विजेचा?

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टॉवर चौक संध्याकाळी गजबजून जातो. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ खाद्यपदार्थांच्या गाड्यांपुढे गर्दी जमते, भोवतालच्या दुकानांत दिवे लागतात, आणि त्या गर्दीतच एखादे तरुण जोडपे औषधांच्या दुकानापुढे घुटमळताना दिसते. घरी चार-पाच महिन्यांचे मूल आहे. आईची रजा संपत आली आहे आणि तिला पुन्हा इंदूरच्या कचेरीत रुजू व्हावयाचे आहे. दुकानदार त्यांच्यापुढे दोन खोकी ठेवतो. एकात अंगावरचे दूध काढण्याचा, हाताने दाबून चालविण्याचा पंप असतो. दुसऱ्यात विजेवर चालणारा. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असते. बरोबर आलेल्या सासूबाईंना मात्र दोन्ही खोकी अनावश्यक वाटतात. त्यांच्या वेळच्या बाळंतिणी हातानेच दूध पिळून काढीत असत. या तिघांत खरे कोणाचे, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

वस्तुतः तिघांचेही आपापल्या जागी खरे आहे. कोणता पंप चांगला, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. दूध कशासाठी काढावयाचे, किती वेळा काढावयाचे आणि त्यासाठी किती वेळ हाती आहे, हे आधी ठरले की साधनाची निवड जवळजवळ आपोआप होते. हा हिशेब न करता केलेल्या खरेदीत पैसे वाया जातात. पण त्याहून मोठी हानी अशी की, पंपातून चार चमचे दूध निघाले म्हणजे आपल्याला दूधच नाही असे आईला वाटू लागते, आणि घरात डब्याचे दूध येते.

आईच्या दुधाचा कारभार दोन संप्रेरकांवर चालतो. प्रोलॅक्टिन दूध तयार करविते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर लोटते. या लोटण्यालाच आपल्या भाषेत पान्हा म्हणतात. बाळाच्या ओठांचा स्पर्श, त्याचे रडणे, नुसती त्याची आठवणदेखील पान्हा फोडावयास पुरते; उलट वेदना, भीती आणि घाई यांनी तो अडतो. दुसरा नियम असा की, जितके दूध बाहेर पडेल तितके नवे तयार होते आणि साठून राहिले तर निर्मिती मंदावते. म्हणून ज्या साधनाने दुखत नाही, पान्हा फुटतो आणि स्तन पुरेसा मोकळा होतो, ते साधन त्या आईपुरते उत्तम समजावे.

यंत्राचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत ऑरवेल नीडहॅम याने १८५४ साली अशा पंपाचे पेटंट मिळविले. १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड लास्कर या बुद्धिबळपटू अभियंत्याने विजेचा पंप तयार केला. पुढे स्वीडनच्या आयनार एग्नेल या अभियंत्याने १९५६ च्या सुमारास जो पंप सिद्ध केला, त्यात ओढीच्या जोराला मर्यादा घातली आणि ओढ व विश्रांती यांची लय साधली. आजचे पंप त्याच वाटेने पुढे आले आहेत. ओढीचा जोर वाढविला म्हणजे दूध वाढते, हा समज चुकीचा आहे. आईला सोसेल तेवढीच ओढ योग्य. वेदना सुरू झाली की पान्हा आखडतो.

आता प्रसंग एकेक करून पाहू.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक थोडा आणि दाट असतो. पंपात घेतल्यास त्यातला बराचसा भाग नळीला आणि भांड्याला चिकटूनच राहतो. येथे सासूबाईंचा सल्ला शास्त्राला धरून आहे. हात स्वच्छ धुवावेत. स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेजवळ एका बाजूस अंगठा व समोरच्या बाजूस दोन बोटे ठेवावीत. प्रथम छातीकडे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे आणावीत व सोडावीत. बोटे कातडीवर घासू नयेत आणि थोड्या थोड्या वेळाने जागा बदलावी. चीक स्वच्छ वाटीत धरून चमच्याने पाजता येतो. ही कला प्रत्येक बाळंतिणीने शिकून घ्यावी, कारण वीज गेली, पंप बिघडला किंवा प्रवासात स्तन दाटून आले, तर तीच उपयोगी पडते.

मूल अंगावर नीट पीत आहे, आई घरीच आहे, पण आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी लग्नाला किंवा बाजाराला जावयाचे आहे, अशा घरी हाताचा पंप पुरेसा होतो. तो हलका असतो, त्याला वीज लागत नाही, आवाज नसतो आणि ओढ किती द्यावयाची हे आईच्या मुठीत असते. दोष एवढाच की, एका वेळी एकाच बाजूचे दूध निघते आणि रोज अनेकदा वापरल्यास मनगट दुखू लागते. मात्र रबरी फुगा दाबून चालविण्याचा जुना प्रकार घेऊ नये. त्याची ओढ आवरता येत नाही, आणि फुग्यात शिरलेले दूध नीट धुतले जात नसल्याने तेथे जंतू वाढतात.

रोज कामावर जाणाऱ्या आईचा हिशेब निराळा. एक ते सहा महिन्यांचे, केवळ आईच्या दुधावरचे मूल दिवसाकाठी सरासरी पाऊण लिटरच्या आसपास दूध पिते. म्हणजे तासाला साधारण तीस मिलिलिटर. उज्जैन ते इंदूर हे अंतर सुमारे ५५ किलोमीटरचे. जाण्यायेण्याचा वेळ धरून आई दहा तास बाहेर राहिली, तर मागे सुमारे तीनशे मिलिलिटर दूध ठेवावयास हवे, आणि तेवढेच कचेरीत दोन-तीन वेळा मिळून काढावयास हवे. हाताच्या पंपाने एकेक बाजू घेत बसल्यास प्रत्येक वेळी अर्धा तास सहज जातो. दोन्ही बाजूंना एकदम लावता येणारा विजेचा पंप तेच काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतो. येथे जास्तीची किंमत मोजली जाते ती वेळेसाठी, आणि ती योग्यच असते. तो बॅटरीवरही चालतो ना, हे विकत घेतानाच पाहावे.

चौथा प्रसंग सर्वांत नाजूक आहे. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले, दवाखान्यातील काचेच्या पेटीत आहे आणि अंगावर ओढण्याची ताकद त्याच्यात नाही. अशा वेळी बाळाचे काम यंत्राला करावे लागते. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढावयास प्रारंभ करावा आणि रात्र धरून चोवीस तासांत आठ वेळा तरी ते काढावे. येथे रुग्णालयातील मोठा विजेचा पंप खरा आधार ठरतो. अशा बालकांना मानवी दुधाचे मोल किती, हे ओळखूनच मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. दाते कितीही असले तरी पहिला मान आईच्याच दुधाचा. आणि येथेही हात विसरून चालत नाही. यंत्र चालू असता स्तन हलके चोळले व शेवटी हाताने पिळून घेतले, तर दूध वाढते, असे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

निरनिराळ्या पद्धतींवरील अनेक प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. कोणती रीत योग्य हे बाळंतपणाला किती दिवस झाले, दूध कशासाठी काढावयाचे आणि ती आई कोण, यांवर अवलंबून असते. आणि लवकर प्रारंभ, शेक, चोळणे, मन शांत ठेवणे, हाताने पिळणे, कमी किमतीचा पंप, हे साधे उपाय काही बाबतींत मोठ्या यंत्राइतके किंवा त्याहूनही सरस ठरतात.

पंप कोणताही असो, त्याच्या कर्ण्याचे माप जुळले पाहिजे. स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढेमागे सरकावयास हवे; घासले गेल्यास जखम होते. दुसरीने वापरलेला घरगुती पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण अनेक पंपांत दूध आतील नळीपर्यंत शिरते आणि ती जागा धुता येत नाही. दुधाला लागणारे सर्व भाग प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने वेगळ्या भांड्यात धुवावेत आणि रोज एकदा पाच मिनिटे उकळावेत. गरज नसता जोरदार पंपाने वारंवार दूध काढणेही बरे नव्हे. त्याने दूध गरजेपलीकडे वाढते, स्तन दाटतात, गाठी होतात. गाठ लाल होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे.

काढलेले दूध २५ अंश उष्णतेपर्यंत चार तास आणि शीतकपाटात चार दिवस टिकते. परंतु माळव्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खोलीतल्या चार तासांवर विसंबू नये. बर्फाच्या गोठविलेल्या पिशव्या घातलेल्या, उष्णता आत न शिरणाऱ्या थैलीत ते एक दिवस राहते. पाजताना भांडे कोमट पाण्यात ठेवून ऊब आणावी. विस्तवावर उकळू नये. उष्टे दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

यंत्राइतकीच जागा आणि सवड महत्त्वाची. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावरील आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा अधिक माणसे असलेल्या कचेऱ्यांना पाळणाघर बंधनकारक केले. कडी लावता येईल अशी एक स्वच्छ खोली मिळाली नाही, तर महागातला महाग पंपदेखील पिशवीतच पडून राहतो.

आणि एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. धडपणे पिणारे मूल जेवढे दूध ओढून घेते, तेवढे पुष्कळदा कोणत्याच पंपाला निघत नाही. पंपाच्या बाटलीवरील रेघा आईच्या दुधाचे माप सांगत नाहीत. मूल दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे.

टॉवर चौकातील त्या जोडप्याला रोज इंदूर गाठावयाचे आहे, तेव्हा त्यांनी विजेचा पंप घ्यावा. शेजारच्या घरी, जेथे आई मुलाजवळच आहे, तेथे हाताचा पुरे. आणि हाताने दूध काढण्याची रीत मात्र दोघींनीही सासूबाईंकडून किंवा परिचारिकेकडून रजा संपण्यापूर्वीच शिकून घ्यावी.