दोन बाइटांचा 'ण'

एका ग्रंथालयाची यादी संगणकावर चढवताना व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' हरवले. कपाटात पुस्तक होते. यादीत मात्र 'माणदेशी मा' आणि पुढे काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह. पूर्ण नावाने शोधणाऱ्या वाचकाला 'नोंद नाही' एवढेच उत्तर मिळे.

वाचताना या नावात आपल्याला सात अक्षरे दिसतात. युनिकोड काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे धरतो. त्या हिशेबाने १२ चिन्हे आणि मधली एक मोकळी जागा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, मोकळी जागा १. एकूण ३७. आमच्या जुन्या तक्त्यात नावाचा रकाना ३० बाइटांचा होता आणि नोंदी भरणारा प्रोग्राम तेवढे मोजून उरलेले कापत होता. कात्री नेमकी दुसऱ्या 'ण'वर पडली: दोन बाइट आत, एक बाहेर. असा 'ण' कुठल्याच संगणकाला वाचता येत नाही. रोमन लिपीत हे नाव सहज मावले असते. रकाना आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीच लिपी असावी.

पुढे आम्ही यादी पोस्टग्रेसमध्ये नेली. तिथे रकान्याची मर्यादा चिन्हांत मोजतात आणि तुटके अक्षर दारातच अडवतात. डिस्कवर त्याचीही पानेच असतात, एकेक ८१९२ बाइटांचे. वर २४ बाइटांचा मथळा, त्याखाली प्रत्येक नोंदीची जागा सांगणारे ४-४ बाइटांचे दर्शक. नोंदी मात्र तळापासून वर रचत येतात. मधली कोरी जागा पुरेनाशी झाली की नवे पान. माडगूळकरांच्या नावाचे ३७ बाइट आणि त्यांच्याआधी लांबी सांगणारा १, एवढा त्यातला त्याचा वाटा.

तारखेला तर अक्षरेच नसतात. १ जानेवारी २००० पासून मोजलेले दिवस ४ बाइटांत ठेवतात. १ मे १९६० म्हणजे उणे १४४८९. प्रकाशनवर्ष लहान पूर्णांक म्हणून ठेवले तर २ बाइट पुरतात. आम्ही ते देवनागरी अंकांत, मजकूर म्हणून ठेवले होते: नुसत्या अंकांचेच १२ बाइट. जागेचे एवढे काही नाही. पण किमतीही तशाच लिहिल्या होत्या, त्यामुळे चढत्या क्रमाने लावल्यावर '१०००' हे '९५'च्या आधी येई.

किमतींचे अंकांत रूपांतर एका दुपारी झाले. कापलेली नावे मात्र डिस्कवर कुठेच शिल्लक नव्हती. ती पुस्तके कपाटातून एकेक काढून, मुखपृष्ठ पाहून पुन्हा टंकावी लागली.