मोडी कागद, मुद्रण आणि संगणक

मोडी कागद प्रसिद्ध करावयाचा म्हणजे तो बालबोधींत उतरून छापावयाचा, ही रीत पुण्यांत दीर्घकाळ चालत आली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. १९१० सालीं मंडळ स्थापन झाल्यावर तेंच कार्य पुढें चाललें. मोडींत शब्द तोडून लिहीत नसत, ऱ्हस्वदीर्घही पाळीत नसत. ‘दिन’ कीं ‘दीन’ हें संपादकानें ठरवावयाचें. वाचकापुढें त्याचा निर्णय येई, मूळ अक्षर येत नसे.

२०१४ सालीं युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत मोडीस स्वतंत्र संकेतांक मिळाले. त्यामुळें संगणकावर छायाचित्र, मोडी पाठ व बालबोध प्रत हीं शेजारीं देतां येतात आणि शंकित वाचन कोणासही पडताळतां येतें. परंतु शोध घेणारास प्रथम सांपडतो तो बहुधा बालबोध पाठच. त्यांतील चूक आतां एका खंडापुरती न राहतां सर्वत्र पसरते. शिवाय कागदाचा पोत, जलचिन्ह व शिक्क्याचा ठसा चित्रांत पुरते उतरत नाहींत. म्हणून संग्राहकांनीं पाठासोबत दप्तराचें नांव, रुमालाचा क्रमांक, दोन्ही बाजूंचीं चित्रें व संशयित अक्षरांची नोंद द्यावी, आणि चित्र निघाल्यावरही मूळ कागद पूर्ववत् जपावा.