मानाचा खर्च

आमच्या चामोर्शी तालुक्यात कार्यकर्त्यांची बैठक भरली की एक तक्रार हमखास ऐकू येते : आपला समाज उधळा झाला. लग्नाला लॉन पाहिजे, वरातीला डीजे पाहिजे, नवरीच्या अंगावर सोने पाहिजे, पोराला हप्त्यावर का होईना पण मोठी गाडी पाहिजे. तक्रार करणारी माणसे तळमळीची असतात आणि त्यांचे म्हणणे खोटेही नसते. परंतु तक्रार म्हणजे विश्लेषण नव्हे. माणूस ऐपतीबाहेर खर्च का करतो, तो खर्च त्याला काय मिळवून देतो, आणि ज्याच्या अंगावर कालपर्यंत चांगले कापड सहन केले जात नव्हते त्याच्या खर्चाला इतरांच्याच मापाने मोजायचे काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय 'उधळे' हा शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

गरजेचा खर्च आणि मानाचा खर्च यांत मूलभूत फरक आहे. भूक भागवायला साक्षीदार लागत नाही. मानाच्या खर्चाला मात्र पाहणारा लागतो. पाहणारा नसेल तर तो खर्च वाया गेला असे समजावे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली आपल्या ग्रंथात हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडले. धनिक वर्ग वस्तू वापरण्यासाठी घेत नाही, मला कष्ट करण्याची गरज नाही हे जगाला दाखवण्यासाठी घेतो, असे त्याचे सांगणे. म्हणूनच काही वस्तूंची किंमत वाढली की त्यांचे आकर्षण कमी होण्याऐवजी वाढते. स्वस्त झाली तर ती वस्तू मानाची राहत नाही.

आपल्याकडे हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. १९५१ साली मालगुजारी संपली, तोवर या झाडीपट्टीत मालगुजाराचा वाडा, दारातली घोडी आणि लग्नातल्या पंगती यांचे काम हेच होते. त्याहून मागे गेलो तर वैनगंगेच्या काठावरची मार्कंडादेवाची देवळे दिसतात. शिल्पातल्या प्रत्येक आकृतीच्या गळ्यात, दंडात, कमरेला दागिने आहेत. राजसत्तेने दगडात केलेला तो मानाचाच खर्च आहे. ते वैभव पाहायला महाशिवरात्रीला हजारो लोक येतात. तो दगड फोडणारे आणि वाहून आणणारे कोण होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मानाच्या खर्चाचा दुसरा नियम असा की तो कधी थांबत नाही. खूण सर्वांच्या हाती आली की ती खूण राहत नाही, मग वरची खूण शोधावी लागते. चीनचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात तिथे लग्नाळू मुलाकडे 'फिरणाऱ्या तीन आणि वाजणारी एक' अशा चार वस्तू असाव्यात असे म्हणत : सायकल, मनगटी घड्याळ, शिवणयंत्र आणि रेडिओ. आपल्याकडेही त्याच काळात सायकल, घड्याळ आणि रेडिओ यांवर सोयरिकी अडून राहत. १९७८ नंतर चीनने बाजार खुला केला तशी त्या चार वस्तूंची जागा दूरदर्शन संच, फ्रिज आणि धुलाई यंत्राने घेतली, पुढे घर आणि मोटार आली. करोनापूर्वीच्या वर्षांत जगातल्या चैनीच्या वस्तूंच्या विक्रीपैकी सुमारे एक तृतीयांश खरेदी चिनी ग्राहकांची होती. समतेची क्रांती केलेल्या देशात हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

चिनी माणूस प्रतिष्ठेला 'तोंड' म्हणतो. आपण 'नाक' म्हणतो. तोंड राखण्यासाठी भेटी द्याव्या लागतात, मेजवान्या द्याव्या लागतात. अधिकाऱ्यांना महागडी दारू आणि घड्याळे देण्याचा प्रकार इतका बोकाळला की डिसेंबर २०१२ मध्ये सत्ताधारी पक्षाला अधिकाऱ्यांच्या थाटामाटावर बंधने घालणारे नियम काढावे लागले. ग्रामीण भागात वरपक्षाने वधूपक्षाला द्यायची रक्कम एवढी फुगली की त्यावरील तंट्यांसाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नियम घालून दिले. चीनमध्ये माणसाची नोंद तो कोणत्या गावचा किंवा शहराचा अशी जन्मापासून होते. १९५८ पासूनची ही व्यवस्था. शहरातल्या कारखान्यात राबणारा गावाकडचा तरुण कित्येक महिन्यांचा पगार घालून महाग फोन घेतो तेव्हा तो मूर्ख नसतो. नोंदवहीतला शिक्का त्याला सहज पुसता येत नाही. हातातली वस्तू मात्र बदलता येते.

इथून आपला प्रश्न सुरू होतो. कारण आपला शिक्का नोंदवहीत नव्हता, धर्मात होता. चीनमध्येही हान घराण्याच्या संस्थापक सम्राटाने व्यापाऱ्यांना रेशीम नेसायला आणि गाडीत बसायला बंदी केली होती. पण व्यापारी धंदा सोडू शकत होता. मनूने चांडाळासाठी प्रेताची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. समर्थ असला तरी शूद्राने धनसंचय करू नये, असेही त्याने दहाव्या अध्यायात बजावले. म्हणजे गरिबी हा अपघात नव्हता, ते विधान होते. आपल्या अंगावर काय असावे हे आपल्या ऐपतीने ठरत नव्हते, इतरांच्या हुकुमाने ठरत होते.

आणि हा हुकूम पोथीत पडून राहिला नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात याची उदाहरणे नोंदवली आहेत. १९२८ साली इंदूर जिल्ह्यातील गावांमध्ये बलाई समाजाला फर्मावण्यात आले की जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी अस्पृश्यांनी जेवणात तूप वाढले म्हणून पंगतीवर लाठ्या चालल्या, अन्नाची नासाडी झाली. तुपाला किती पैसे पडले हा तिथे मुद्दा नव्हता. तूप कोणाच्या पानात पडले हा मुद्दा होता.

म्हणून आपल्या मुक्तिलढ्यांत वस्त्र, वाहन आणि दागिना पुन्हापुन्हा येतात. केरळात १८९३ साली अय्यनकाली यांनी बैलगाडी विकत घेतली आणि स्वच्छ पांढरी वस्त्रे, डोक्याला फेटा अशा वेषात ती सार्वजनिक रस्त्यावरून हाकली. उच्चवर्णीयांच्या हिशेबाने तो माज होता. इतिहासाच्या हिशेबाने तो सत्याग्रह होता. १९१५ साली तिथल्याच पुलया स्त्रियांनी जातीची खूण म्हणून गळ्यात अडकवलेल्या दगडी मण्यांच्या माळा सभेत काढून फेकल्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हाही त्यांनी लुगड्याच्या नेसणीचा आणि दागिन्यांचा विषय मुद्दाम काढला. अंगभर वाहिलेले कथलाचे, चांदीचे दागिने ही तुम्हांला ओळखण्याची खूण आहे, ती टाका. घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हा उपदेश काटकसरीचाही नाही आणि चैनीचाही नाही. खूण पुसण्याचा आहे. आपल्या चर्चेत हा फरक हरवतो.

तो काळ गेला असे कोणी म्हणेल. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो, घोड्यावर बसतो या रागातून हे झाले अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागली. आणि आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. जमिनीचा वाद आणि पोलिसांत दिलेली साक्ष ही तिथली तात्कालिक कारणे. पण स्वतःची शेती कसणारे, मुलीला शिकवणारे, दबून न राहणारे ते कुटुंब गावाच्या डोळ्यांत खुपत होते, हे आपण विसरू शकत नाही.

तेव्हा साधेपणाचा उपदेश ऐकताना तो कोण करतो आहे हे पाहावे. साधेपणा ही ज्याची प्रतिष्ठा जन्माने पक्की आहे त्याची चैन असते. गांधीजींनी १९२१ मध्ये पंचा स्वीकारला तेव्हा त्यांचा मान वाढला. बाबासाहेब तसे वागले असते तर त्यांना महात्मा म्हटले गेले नसते. जागेवर राहिला, एवढेच म्हटले असते. त्यांचा सूट हा त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता. मी स्वतः नोकरीला लागले त्या वर्षी साध्या सुती साडीत एका कार्यालयात गेले, तर टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता 'झाडून झालं का' असे विचारले. माझ्याबरोबरच्या सवर्ण प्राध्यापक बाई माझ्याहून साध्या साडीत होत्या. त्यांना खुर्ची मिळाली. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणीला गेली. तिने माझ्या पहिल्या पगारानंतर 'चांगलं नेसत जा' एवढाच सल्ला दिला, तो समाजशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकातल्या विधानाइतका अचूक होता.

मग सगळा मानाचा खर्च मुक्तीचा समजायचा का? नाही. बंदी मोडणे ही एक गोष्ट, शर्यतीत उतरणे ही दुसरी. बंदी मोडताना आपण हुकूम देणाऱ्याला नकार देतो. शर्यतीत उतरताना त्याचेच माप मान्य करतो आणि त्या मापाने स्वतःला, शेजाऱ्याला, व्याह्याला मोजू लागतो. लॉनवरच्या लग्नाने सवर्ण शेजाऱ्याच्या मनातली आपली जागा बदलत नाही. तो जेवून जातो आणि 'सवलतींचा पैसा' म्हणून नाक मुरडतो. बदल होतो तो आपल्याच वस्तीत. उद्या ज्याच्या मुलीचे लग्न आहे, त्या बापाच्या छातीवर नवा धोंडा पडतो.

हा धोंडा आकड्यांत मोजता येतो. समजा, एका कुटुंबाने लग्नासाठी तीन लाख रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने काढले. महिन्याचे व्याज सहा हजार, वर्षाचे बहात्तर हजार. मुद्दल तसेच उभे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला मोठ्या शहरात राहून शिकण्यासाठी शासनाच्या स्वाधार योजनेतून वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. म्हणजे एका मुलाला वर्षभर शहरात ठेवून शिकवण्याहून अधिक रक्कम त्या वरातीच्या निव्वळ व्याजात जाते. ती जाते कोणाकडे? सराफाकडे, लॉनवाल्याकडे, फायनान्स कंपनीकडे. हे धंदे आपल्यापैकी किती जणांच्या हातात आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या गावात मोजावे.

या जिल्ह्यांत हा प्रश्न आता अधिक तीव्र होणार आहे. चंद्रपूर भागात कोळसा खाणींनी जमिनी घेतल्या आणि मोबदल्याची रक्कम घराघरांत आली. आता आमच्या तालुक्यात कोनसरीला लोहकारखाना उभा आहे, सुरजागडचे खनिज येत आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या पुरते. जमिनीचा पैसा गाडी, सोने आणि वरात यांत एका लग्नसराईत संपू शकतो. पैसा एकदम हाती आलेल्या माणसाला पहिली ओढ असते ती काल ज्याने हिणवले त्याला दाखवण्याची. ही ओढ मी चूक म्हणत नाही. पण त्या ओढीवर ज्याचा धंदा चालतो तो दारात उभाच असतो.

आपल्या चळवळीने या कोड्याचे उत्तर आधीच शोधलेले आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये भटाशिवाय, थोडक्या खर्चात लग्ने लावण्यास सुरुवात केली. धम्मदीक्षेच्या वेळी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला माणसे पांढऱ्या वस्त्रांत आली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरातही दीक्षा झाली. पांढरे लुगडे मजुरालाही परवडत होते. ते नेसणारी बाई एका दिवसात जुन्या खुणेतून सुटली, आणि त्यासाठी तिला शेजारणीच्या वर चढावे लागले नाही. मान वाढला तो सगळ्यांचा मिळून, म्हणून त्यात शर्यत नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःसाठीही खर्च केला. राजगृह बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. तोही मानाचाच खर्च होता, पण त्या मानाला पाहुण्यांच्या टाळ्यांची गरज नव्हती.

यातून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना वापरता येईल अशी कसोटी मिळते. खर्चापूर्वी विचारावे : यातून एखादी बंदी मोडते की नुसती शर्यत वाढते? हे पाहून वस्तीतला सर्वांत गरीब माणूस ताठ होतो की खाली पाहतो? आणि पाच वर्षांनी यातले काय उरते? घोड्यावरच्या वरातीला दगड पडत असतील त्या गावात घोडा आणलाच पाहिजे. गावाने मिळून आणावा, म्हणजे एका बापावर कर्ज होणार नाही. जिथे घोड्याला कोणी अडवत नाही तिथे तो पैसा मुलीच्या शिक्षणाकडे वळवावा. लोकांना 'उधळे' म्हणून हिणवल्याने हे होणार नाही. ज्यांना शतकानुशतके चांगले काही अंगाला लावू दिले नाही, त्यांना सोन्याचा मोह का होतो हे आधी समजून घ्यावे लागेल. मग त्यांच्या शेजारी बसून व्याजाचा हिशेब मांडता येईल.